डोंबिवली फास्टमध्ये टिकणारे गेम

गेमच्या ‘टॉप टेन’ याद्या करणारी माणसं सोफ्यावर बसून खेळतात, याबद्दल आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. त्यांच्यासमोर भिंतभर टीव्ही असतो, पाय ठेवायला स्टूल असतं आणि मध्येच कुणी ‘जरा सरका ना ताई, चौथी सीट’ म्हणत नाही. निन्टेन्डो स्विच लाइट हे हातात धरून गेम खेळायचं यंत्र घ्यायचं ठरल्यावर मी अशा याद्या भरपूर वाचल्या. सगळीकडे वरची चार-पाच नावं तीच. गेम वाईट नव्हतेच, त्यातले काही पुढे मी घेतलेही. पण यादीत पहिला असलेला गेम सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये हातात टिकेलच असं नाही. तो टिकेल की नाही, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

मी कामाच्या दिवशी डोंबिवली ते सीएसएमटी ये-जा करते. जाऊन-येऊन अडीच तास कुठे गेले नाहीत. त्यात बसायला मिळेल तेवढाच वेळ खेळायचा, कारण लाइट दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि उभं राहिलं की एक हात कडीला अडकतो. लाइटच का, तर तो माझ्या पर्समध्ये मावतो. २०१७ च्या मूळ स्विचचा पडदा ६.२ इंची, २०२१ च्या ओलेड मॉडेलचा ७ इंची आणि २०१९ मध्ये आलेल्या लाइटचा ५.५ इंची. वजन पावणेतीनशे ग्रॅम, किंमतही इतरांपेक्षा कमी. बदल्यात दोन गोष्टींवर पाणी सोडायचं : तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. मी सेकंडहँड घेतला. घेताना सेटिंग्जमध्ये स्टिकचं (अंगठ्याने फिरवायच्या दांडीचं) कॅलिब्रेशन तपासायचं पान उघडून, स्टिकला हात न लावता ठिपका मधोमध गप्प बसतोय ना, एवढं मात्र नीट पाहिलं. मूळ स्विचचा कंट्रोलर बिघडला तर तेवढाच बदलता येतो, लाइटचा बिघडला की सगळं यंत्रच दुरुस्तीला द्यायचं.

कंट्रोलर सुटे होत नाहीत, यामुळे यादीला पहिली कात्री लागली. स्विचच्या गेमच्या डब्यामागे तीन बारीक चित्रं असतात : एक टीव्हीचं, एक टेबलावर उभ्या केलेल्या स्विचचं आणि एक हातात धरलेल्या स्विचचं. लाइटवाल्यांनी तिसरं चित्र आहे का एवढंच बघायचं. २०१८ चा ‘सुपर मारिओ पार्टी’ सगळ्या ‘घरच्यांसाठी उत्तम’ याद्यांमध्ये असतो, पण तो सुट्या जॉयकॉनशिवाय, म्हणजे स्विचच्या दोन बाजूंच्या कंट्रोलरशिवाय, खेळताच येत नाही. ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’मध्ये तर एक जॉयकॉन गोल रिंगेत आणि दुसरा मांडीला बांधायचा असतो. वेगळे जॉयकॉन विकत घेऊन लाइटला जोडता येतात, मान्य आहे. पण मग स्वस्तातला लाइट घेतला कशाला?

डब्याच्या दर्शनी बाजूलाही एक पट्टी कधीकधी दिसते, की गेमचा काही भाग इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागेल. ती दिसली की मी दोनदा विचार करते. लाइटमध्ये साठवायला ३२ जीबी आणि त्यातलाही काही भाग यंत्रणेनेच खाल्लेला. ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ डाउनलोड करून घ्यायचा तर एकटा चौदा जीबीच्या आसपास जागा मागतो. मायक्रोएसडी कार्ड पहिल्याच दिवशी घ्यावं, ही माझी नवीन घेणाऱ्या प्रत्येकाला सूचना असते. ‘क्लाउड व्हर्जन’ असं नावापुढे लिहिलेले गेम तर मी उघडूनही पाहिले नाहीत. ते लांबच्या सर्व्हरवर चालतात आणि आपल्याकडे नुसतं चित्र येतं. मुंबईच्या लोकलमध्ये नेटवर्कच्या भरवशावर गेम खेळायचा तर धीर फार मोठा लागतो.

एवढं चाळून झालं तरी नावं खूप उरली. मग डेमो. ई-शॉपवर, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात, बऱ्याच गेमचे डेमो (चाखून बघायला थोडासा भाग) फुकट मिळतात, आणि नाव डेमो असलं तरी काही चांगलेच ऐसपैस असतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’चा डेमो दहा तासांच्या घरात जातो आणि पुढे गेम विकत घेतला तर तिथूनच सुरू करता येतो. मी सगळे डेमो मुद्दाम गाडीत खेळले, घरी एकही नाही. घरच्या दिव्याखाली काय, सगळंच छान दिसतं.

गाडीत वेगळ्याच गोष्टी कळतात. सीएसएमटीकडे जाताना डाव्या खिडकीशी बसलं की सकाळचं ऊन थेट पडद्यावर येतं. अंधाऱ्या गुहा, काळी-निळी भुयारं असली की गेमऐवजी स्वतःचं तोंड दिसायला लागतं. ‘होलो नाइट’ त्यामुळे संध्याकाळच्या गाडीवर गेला. जमिनीखालच्या किड्यांच्या राज्यात घडणारा तो गेम दिसायला देखणा आहे, पण त्याला काळोख हवा. एका नावाजलेल्या गेमची अक्षरं एवढी बारीक होती की चाळिशीचा चष्मा लावूनही मी पडदा नाकापर्यंत नेला. शेजारच्या मावशींनी विचारलं, “डोळ्यात काही गेलं का हो?” मूळचा टीव्हीसाठी केलेला गेम छोट्या पडद्यावर आणताना अक्षरांचं काय केलंय, हे डेमोशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची. दोन्ही कानांत इअरफोन घालून लेडीज डब्यात बसणं मला जमत नाही. घोषणा ऐकायची असते, कुणाची बॅग कुठे लागतेय हे कळायला हवं असतं. तालावर बटणं दाबायचे गेम त्यामुळे बादच. २०२१ च्या अपडेटनंतर स्विचला ब्लूटूथ इअरफोन जोडता येतात खरे, पण आवाज किंचित मागून येतो आणि तालाच्या गेममध्ये तो किंचितच नडतो.

खरी चाळणी मात्र यानंतरची होती आणि ती माझी मलाच सापडली. स्विचचं वरचं बटण दाबलं की चाललेला गेम आहे त्या क्षणी गोठतो आणि पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे. तलवार हवेत असली तरी हवेतच राहते. त्यामुळे ‘गेम कुठेही सेव्ह होतो का’ हा प्रश्न मला फारसा पडलाच नाही. पण यंत्र झोपतं तेव्हा माझं डोकं झोपत नाही ना! मधल्या नऊ तासांत ऑफिस असतं, तीन मीटिंगा असतात, कुणाच्या तरी सेंड-ऑफची वर्गणी असते. संध्याकाळी बटण दाबावं तर समोर एक टोपीवाला म्हातारा उभा, माझ्याकडे काहीतरी मागतोय आणि तो कोण, मी त्याच्याकडे का आलेय, काही म्हणजे काही आठवत नाही. लांबलचक गोष्टीचे गेम माझ्याकडून सुटले ते इथे. गेमची स्थिती यंत्र जपतं, पण खेळणाऱ्याच्या डोक्यातलं जपायला कुणी नाही. तेव्हापासून मी एकच बघते : गेम उघडल्यावर सगळं काही पडद्यावर दिसतंय का, की अर्धं माझ्या आठवणीत ठेवलेलं आहे?

या परीक्षेत पहिला आला ‘इन्टू द ब्रीच’. याद्यांमध्ये तो असतो, पण बराच खाली. सबसेट गेम्स नावाच्या छोट्याशा चमूने केलेला, स्विचवर २०१८ मध्ये आलेला. आठ बाय आठ घरांचा पट, तुमचे तीन यंत्रमानव आणि जमिनीतून वर येणारे राक्षसी किडे. यातली मेख अशी, की किडे पुढच्या चालीला काय करणार हे आधीच दाखवलेलं असतं. समजा एक किडा इमारतीवर झेपावायच्या तयारीत आहे. त्याला मारण्याइतका जोर माझ्याकडे नाही. पण मी त्याला एक घर बाजूला ढकलू शकते. ढकललं की त्याचा वार त्याच दिशेने होतो, फक्त आता समोर इमारतीऐवजी त्याचाच भाऊबंद असतो. आपण एकाला हलवायचं आणि बाकीची मारामारी त्यांची त्यांनी करायची. दर चालीला असं कोडं सुटलं की मला खिडकीबाहेर बघून हसू येतं. घाई नाही, घड्याळ नाही, गाडीला कितीही धक्के बसोत. लढाई चार-पाच चालींत संपते आणि प्रत्येक लढाईत एकदा अख्खी चाल मागे घ्यायची मुभा असते. कुर्ल्याला अर्धवट ठेवून संध्याकाळी भायखळ्याला उघडा, पट जिथल्या तिथे आणि कोण कुणाला मारणार तेही समोर लिहिलेलं. ‘स्ले द स्पायर’ याच जातीचा, पत्त्यांचा. तोही टिकला.

हातातल्या गेमचं हे गणित तसं जुनंच आहे. १९८९ मध्ये गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा रंगीत नव्हता, मागून उजेडही नव्हता. त्याच वर्षी अटारीचा रंगीत लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा रंगीत गेम गिअर. दोन्ही दिसायला कितीतरी सरस, पण सहा-सहा पेन्सिल सेल बघता बघता फस्त करणारे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा. शिवाय अमेरिकेत त्याच्या खोक्यात ‘टेट्रिस’ होता, अलेक्सेई पाजित्नोव्हने १९८४ मध्ये मॉस्कोत केलेला. आपल्याकडे गेम बॉय फार घरांत पोचला नाही, पण जत्रेत मिळणारा तो ‘ब्रिक गेम’ कुणाकडे नव्हता? त्यातही मुख्य विटाच. टेट्रिसमध्ये काहीच लक्षात ठेवायचं नसतं. जे आहे ते समोर रचलेलं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलेला. त्यातला एक दिवस आपल्या चौदा मिनिटांचा. डोंबिवली सुटल्यावर उठायचं, पिकांना पाणी घालायचं, कोंबड्यांना चारा टाकायचा, की ठाणं येईपर्यंत झोपायची वेळ होते. कुणाच्या वाढदिवसाला काय द्यायचं हे मात्र लक्षात ठेवावं लागतं, त्यासाठी मी डायरीच्या मागच्या पानावर नोंदी करते. ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढायचा गेम बोटांची परीक्षा बघणारा, आणि रुळांचे सांधे आले की माझी उडी हमखास चुकायची. पण त्यात असिस्ट मोड आहे, गेमचा वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी करता येतो. गाडीत मी ८० टक्क्यांवर खेळते. काही लोकांना हे फसवणूक वाटतं. त्यांनी एकदा सकाळी सव्वाआठच्या गर्दीत पूर्ण वेगाने खेळून दाखवावं. ‘हेडीस’ घरी, रात्री ओटा आवरल्यावर. एक फेरी अर्ध्या तासाची आणि सगळा हाणामारीचा मामला, तिथे मध्येच थांबलं की बोटांची लय जाते.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’बद्दल मी सगळ्यात जास्त साशंक होते. एवढं मोठं जग, गाडीत कसं चालणार? चाललं, आणि फार छान चाललं. कारण त्यात तुम्हाला कुणी घाईने कुठे बोलवत नाही. त्या जगात १२० छोटी मंदिरं विखुरलेली आहेत, प्रत्येकात एक-दोन कोडी, बहुतेक दहा-पंधरा मिनिटांत सुटणारी. एक मंदिर म्हणजे ठाणे ते घाटकोपर. बाकी वेळ डोंगर चढायचे, मशरूम गोळा करायचे, काही केलं नाही तरी चालतं. चढताना पाऊस आला की नायक घसरतो. जुलैत बाहेर धो धो, गाडी सायनला उभी, आणि आतही तो बापडा कड्यावरून सरकतोय, असा योग माझ्यावर बरेचदा आला.

आता पैशांचं. मी हे सगळं घेतलं तेव्हा निन्टेन्डोचा अधिकृत कारभार भारतात नव्हता, म्हणजे यंत्रं आणि कार्ट्रिज (गेम असलेली छोटी कार्डं) आयात करणाऱ्या दुकानदारांकडून घ्यायची. निन्टेन्डोच्या स्वतःच्या बहुतेक मोठ्या गेमची अमेरिकेतली किंमत तेव्हा ६० डॉलर होती, आणि ती वर्षानुवर्षं फारशी उतरत नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण यातच फायदा आहे : वापरलेलं कार्ट्रिजही जवळपास घेतलं त्याच भावाने विकलं जातं. शिवाय सेव्ह, म्हणजे आपण कुठवर खेळलो त्याची नोंद, कार्ट्रिजवर नसतो, तो यंत्रात राहतो. झेल्डाचं कार्ट्रिज मी विकलंय, माझा सेव्ह अजून आहे. पुन्हा हुक्की आली तर कुणाकडूनही कार्ट्रिज घ्यायचं आणि त्याच डोंगरावरून पुढे निघायचं. म्हणून माझा नियम असा : मोठे, निन्टेन्डोचे गेम कार्ट्रिजवर आणि सेकंडहँड, छोटे गेम ई-शॉपवर आणि सेलमध्ये. ‘सेलेस्ट’ची मूळ किंमत २० डॉलर, सेलमध्ये पाव किमतीला मिळाला.

सेकंडहँडचे व्यवहार बहुतेक दादरच्या पुलावर होतात. झेल्डा देणारा मुलगा इंजिनिअरिंगचा होता, पाठीवर सॅक, घाईत.

“काकू, मुलासाठी घेताय?”

“नाही रे, माझ्यासाठी.”

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग भलत्याच उत्साहाने सांगायला लागला, की सुरुवातीच्या पठारावरून घाईने खाली उतरू नका, आधी थंडीचे कपडे मिळवा. मी तिथेच बाजूला होऊन कार्ट्रिज घातलं, गेम चालू होऊन मेनू दिसेपर्यंत थांबले, मागच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे नाहीत ना ते पाहिलं, आणि मग पैसे दिले. तीन हजारांच्या आसपास. हा क्रम मी कधीही मोडत नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. कार्ट्रिज पोस्टाच्या तिकिटाएवढं असतं आणि त्याला डेनाटोनियम बेंझोएट नावाचं जहाल कडू रसायन लावलेलं असतं, लहान मुलांनी गिळू नये म्हणून. हे सांगितल्यावर माझ्या लेकाने काय केलं असेल ते सांगायला नको. अर्धा तास जिभेवर साखर घेऊन बसला होता.

ई-शॉपचं थोडं झंगट आहे. भारत हा देश त्यात नव्हता, म्हणून माझं खातं अमेरिकेचं. इथली कार्डं त्यावर सहसा चालत नाहीत, तेव्हा गिफ्ट कार्ड घ्यावं लागतं. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, तो कोड पाठवतो आणि हिशेब राखीपौर्णिमेच्या खात्यात धरतो. कार्ट्रिजला देशाची अट नाही, अमेरिकेचं, जपानचं, कुठलंही चालतं. मात्र एखाद्या गेमचा जादा भाग नंतर विकत घ्यायचा असेल तर कार्ट्रिज ज्या प्रदेशाचं, खातंही सहसा त्याच प्रदेशाचं लागतं. मोठ्या गेमचं कार्ट्रिज घेताना मी म्हणूनच अमेरिकन डबा आहे का हे विचारून घेते.

एक गेम मात्र मी कुठलीच परीक्षा न लावता घेतला. ‘राजी : अ‍ॅन एन्शियंट एपिक’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवरच आला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला, तरी गेम पुरा केला. सर्कशीतली राजी नावाची मुलगी, तिचा पळवून नेलेला भाऊ गोलू, आणि समोर महाबलासुर. मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितली जाते. शनिवार-रविवारात संपतो. लेकाला मी दाखवलं की हे पुण्यात झालंय, तर त्याचा पहिला प्रश्न : “मग मराठीत का नाही बोलत?” प्रश्न चुकीचा नाही.

लेकाचे निकष माझ्यापेक्षा सोपे आहेत. त्याला ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ हवा होता आणि तो आणणं भागच होतं. एक शर्यत तीन मिनिटांत संपते, त्यामुळे ‘ही शेवटची’ या वचनाला घरात थोडा तरी अर्थ राहिला आहे. गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी स्मार्ट स्टिअरिंगची सोय त्याने लगेच बंद केली, माझी अजून चालू असते. एका लाइटवर दोघांनी खेळायचं तर जादा कंट्रोलर हवेत, वर साडेपाच इंचांचे दोन भाग. आम्ही आळीपाळीने खेळतो, आणि वेळ कोण मोजणार यावरून रोज तंटा होतो.

२०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला. त्यावर जुनी बहुतेक कार्ट्रिज चालतात, म्हणजे जमवलेलं वाया जाणार नाही. पण तो पर्समध्ये मावत नाही, तेव्हा तूर्तास नको. मावसभाऊ डिसेंबरात येतोय. “ताई, बॅगेत जागा थोडी आहे, दोनच सांग,” म्हणाला. एक ‘मारिओ ओडिसी’, लेकाचा हट्ट. दुसरा ‘मेट्रॉइड ड्रेड’. त्याचा डेमो खेळून झालाय. भुयारं काळोखी आहेत, नकाशा डोक्यात ठेवावा लागतो आणि धक्क्याला बोट चुकलं की यंत्रमानव क्षणात पकडतो. माझ्या सगळ्या नियमांत नापास. तरी घेतेय, रात्री ओटा आवरल्यावर खेळेन.